भूकंप धरला, पोळा राहिला

“साहेब, यात पोळा कुठं धरला?”

किसनाजी मिस्त्रींनी ड्रॉइंगवरची नजर न काढता विचारलं. आम्ही पांढुर्ण्याला, जाम नदीच्या काठी, एका अर्धवट बांधलेल्या दवाखान्याच्या गच्चीवर उभे होतो. आषाढाचे दिवस. सकाळी पडून गेलेल्या पावसाचं पाणी स्लॅबवर साचलेलं होतं. मी नागपूरहून पॅसेंजरने आलो होतो. हातात गच्चीच्या कठड्याचं ड्रॉइंग होतं आणि ते आपण काढलं याचा मला भारी अभिमान होता.

“पोळा?” मी म्हणालो. “हा भूकंपाचा हिशेब आहे, मिस्त्री.”

“ते समजलं जी. भूकंप धरला तुम्ही. मी पोळ्याचं इचारून राह्यलो.”

मी हसलो. आज आठवलं की त्या हसण्याचीच जास्त लाज वाटते. त्यांच्या प्रश्नाकडे येतोच, पण आधी तो दवाखाना आणि तो कठडा सांगायला हवा.

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या मधली आहे. मी नागपुरात एका स्ट्रक्चरल कन्सल्टंटच्या ऑफिसात नोकरीला होतो. इमारत कशी दिसेल हे आर्किटेक्ट ठरवतो आणि ती उभी कशी राहील हे आम्ही. इमारत उभी राहिली तर नाव त्याचं, पडली तर आमचं. मी मूळचा पांढुर्ण्याजवळच्या सौसरचा, त्यामुळे त्या भागातलं काम आलं की पाटणकर साहेब फाइल माझ्याकडे सरकवत. “तुझ्या गावाकडचं आहे, तुला कळेल,” म्हणत. मला कळतं असं मलाही वाटायचं.

दवाखाना डॉक्टर सुनंदाबाईंचा. बाळंतपणं आणि लहानसहान ऑपरेशनं. खाली ओपीडी, ती बांधकामातच सुरू झाली होती; वर दोन मजले. बांधकामावर देखरेख मात्र त्यांच्या सासऱ्यांची, आबाजींची. सत्तरीचे, संत्र्याचे बगीचे असलेले, पांढरं धोतर, हातात छत्री. ही छत्री पावसासाठी नसून बोलताना रोखण्यासाठी होती.

भूकंपाचा जोर म्हणजे काय, हे मी आबाजींना पहिल्या भेटीत समजावलं होतं. तेच इथे सांगतो. तुम्ही बसमध्ये उभे आहात आणि ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. मागून कुणी ढकललेलं नसतं, तरी तुम्ही पुढच्याच्या अंगावर जाता. ढकलणारं तुमचंच वजन असतं. भूकंपात जमीन अशीच झटक्याने सरकते आणि इमारतीचं वजन होतं तिथेच राहू पाहतं. भूकंप बाहेरून काही आणत नाही. तुमचंच वजन तुमच्यावर आडवं घालतो. म्हणून इमारत जितकी जड तितका हा जोर जास्त. जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत, असं मानणाऱ्या माणसाला हे पचत नाही. आबाजींनाही पचलं नाही.

हा जोर किती धरायचा, ते एका पुस्तकात दिलेलं असतं. त्याला आम्ही कोड म्हणतो. कोडात देशाचे झोन पाडलेले असतात. आमचा भाग तेव्हा खालच्या झोनात, म्हणजे धोका थोडा. इमारतीचं सगळं वजन काढायचं आणि शंभर किलोला दोन किलो, असा आडवा जोर लावून पाहायचा. दवाखाना असेल तर त्याच्या दीडपट, म्हणजे तीन किलो. कारण घर पडलं तर माणसं दवाखान्यात जातील. दवाखानाच पडला तर जातील कुठे? ही दीडपट आबाजींना फार आवडली.

“म्हणजे सरकारच्या पुस्तकातही दवाखान्याले मान आहे,” ते म्हणाले.

“आहे.”

“मंग ठीक. आता माही भिंत पाहा.”

ही भिंत मूळ नकाशात नव्हती. गच्चीच्या नदीकडच्या कडेवर आबाजींना पाच फूट उंच विटांची भिंत हवी होती आणि तिच्यावर सिमेंटच्या उठावदार अक्षरांत नाव हवं होतं: गंगाबाई. गंगाबाई म्हणजे त्यांची बायको. वारून बरीच वर्षं झाली होती.

“तीन फुटाचा कठडा पुरेल,” मी म्हटलं. “नाव समोर, दाराच्या वर लिहू.”

“दारातून कोणाले दिसते? रस्त्यावरच्यायले. मले सावरगावातून दिसलं पाह्यजे.” त्यांनी छत्री नदीपलीकडे रोखली. जामच्या या काठाला पांढुर्णा, त्या काठाला सावरगाव. “तिचं माहेर हाय ते.”

मग छत्री खाली आली. त्यांनी जे सांगितलं ते इतक्या सरळपणे सांगितलं, की मला मान खाली घालावी लागली. गंगाबाईंना बाळंतपणात ताप चढला होता. आबाजींनी दोन दिवस घरगुती काढे केले, तिसऱ्या दिवशी बैलगाडी जुंपली. उशीर झाला. “तिचा भाऊ, नामदेव, माह्याशी बोलत नाही तेव्हापासून. वेळेवर नेली नाही म्हणते. बराबर म्हणते तो. आता इथं डॉक्टर बसली, सून माही. रोज नदीवर येऊन बसते तो. त्याले वाचाले आलं पाह्यजे, का इथं दार उघडं हाय.”

मी वहीत लिहिलं, पाच फूट.

ऑफिसात येऊन कोड उघडला. गच्चीच्या वर नुसत्या बुडावर उभ्या असलेल्या गोष्टी, म्हणजे कठडे, टाक्या, धुराडी, यांना भूकंपाचा जोर पाचपट धरा असं त्यात लिहिलेलं आहे. फांदीपेक्षा शेंडा जास्त हलतो, तसं. शिवाय अशा भिंतीला वरून धरणारं कुणी नसतं. दवाखान्याचे तीन किलो, त्याची पाचपट पंधरा. नऊ इंची, पाच फुटी भिंत मीटरभर लांबीत साडेसहाशे किलो भरते. म्हणजे दर मीटरला सुमारे शंभर किलोचा आडवा धक्का. वाऱ्याचाही पाहिला, तो आसपासच होता. मी दर दहा फुटांवर काँक्रीटचा बारीक खांब दिला, वरून पट्टा दिला आणि खांबांच्या सळ्या गच्चीच्या कडेच्या बीममधून वर सोडायला सांगितल्या.

त्या काळात आमच्या बाजूला गच्चीच्या कठड्याला भूकंप कुणी लावत नसे. कठडा म्हणजे मिस्त्रीच्या मर्जीचं काम. पाटणकर साहेबांनी शीट पाहिली, पाइप तोंडातून काढला आणि म्हणाले, “छान. वाचतोस म्हणजे.” एवढ्यावर मी महिनाभर हवेत होतो.

स्लॅब ओतून झाली, सळ्या वर आल्या. आणि मी ते कठड्याचं शेवटचं ड्रॉइंग घेऊन गच्चीवर उभा होतो, तेव्हा किसनाजींनी पोळा काढला.

“भूकंप कधी आल्ता इथं?” त्यांनी विचारलं.

“माहितीत तरी नाही.”

“आन् पोळा?”

“दरवर्षी येतो.”

“तेच म्हणून राह्यलो जी.”

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार असते. नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात. झेंडा काढायला दोन्ही काठांवरून माणसं उतरतात आणि एकमेकांवर गोटे फेकतात. माणसं जखमी होतात, कधी जिवावरही बेततं, आणि तरी दरवर्षी ती होते. नदीकाठचं प्रत्येक घर, प्रत्येक गच्ची, प्रत्येक झाड त्या दिवशी पाहणाऱ्यांनी लगडलेलं असतं.

“लोक चढतीन इथं,” किसनाजी म्हणाले.

“जिन्याला कुलूप राहील.”

“कुलूप!” त्यांनी नदीकडच्या कोपऱ्यावरच्या कडुनिंबाकडे नुसती मान वळवली. त्याची एक फांदी गच्चीवर चांगली हातभर आलेली होती. “आन् भिंत पाच फुटाची. तिच्याआडून तर काही दिसत नाही. मंग लोक तिच्यावर चढून बसतीन. मागचे त्यायले रेटतीन.”

“मिस्त्री, भूकंपाच्या वेळी गच्चीवर माणसं नाहीत असं कोडच सांगतो. शून्य धरायचं.”

खोटं नव्हतं ते. वजन काढताना खालच्या मजल्यांवरची माणसं, खाटा, कपाटं यांचा चौथा हिस्सा धरायचा आणि गच्चीवर शून्य, असंच कोडात होतं. गच्ची भरलेली असताना नेमका भूकंप येणं फारच दुर्मीळ, म्हणून. मी ते वाक्य त्यांच्या अंगावर टाकलं आणि खाली उतरलो. किसनाजी मागून एवढंच म्हणाले, “तुम्ही शिकलेले हा जी.” यात टोमणा होता की नाही, हे आमच्याकडच्या माणसाच्या आवाजावरून कळत नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, म्हणून बसने सौसरला घरी गेलो. बाबा शाळेतून रिटायर झालेले. अंगणात बसून जेवता जेवता मी मिस्त्रीचा किस्सा हसून सांगितला. बाबा हसले नाहीत.

“तू कोठून पाह्यली होती गोटमार, आठवते का?”

“कुठून?”

“माह्या खांद्यावरून. सहा-सात वर्षांचा असशीन. नदीकाठच्या एका गच्चीवर आपण चढलो होतो, मालक कोण ते आजही माहीत नाही. एका माणसानं शिडी लावली, सारे चढले. मी कठड्याले टेकून उभा होतो आन् मागून लोक असे रेटून राह्यले होते का माह्या पोटाले वळ पडले. झेंडा तुटला तेव्हा तर सारी गच्ची पुढं आली. तुले खाली टाकतो का काय, असं झालं मले.”

आठवलं. बाबांच्या डोक्याच्या केसांना धरलेल्या माझ्या मुठी आठवल्या. खालचं नदीचं पात्र आठवलं. कोडाने शून्य धरलेली ती माणसं म्हणजे मी आणि माझा बाप होतो.

हातातला घास तसाच ठेवून मी वही काढली. गर्दी कठड्याला रेटते त्याचाही आकडा असतो. तो भूकंपाच्या कोडात नाही, दुसऱ्या पुस्तकात आहे. सिनेमा, स्टेडियम अशा गर्दीच्या जागांच्या कठड्यासाठी दर मीटरला सव्वादोनशे किलो, आणि तोही हाताच्या उंचीवर. भूकंपाचे माझे शंभर किलो भिंतीच्या मध्यावर लागत होते. दार बिजागरीपासून लांब ढकललं की सोपं जातं, तसंच हेही: जोर जितका वर, तितका बुडाशी ताण जास्त. हिशेब मांडला तर बुडाशी तिपटीहून जास्त ताण येत होता. शंभर वर्षांत न आलेल्या भूकंपासाठी मी पाचपट जोर धरला होता आणि दरवर्षी पंचांगात छापून येणारा दिवस विसरलो होतो. तोही त्या मातीतला असून.

सोमवारी पाटणकर साहेबांसमोर शीट ठेवली.

“भूकंप आणि गोटमार एकाच मिनिटाला होणार आहेत का?” ते म्हणाले.

“नाही सर. भूकंप नसला तरी चालेल. नुसती गोटमार पुरे आहे.”

त्यांनी आकडे पाहिले. पाइप विझला तरी तोंडातच होता.

“स्लॅबचं काय?”

“स्लॅब सुरक्षित आहे. पुढे मजला चढवायचा म्हणून मी ती मजल्यासारखी डिझाइन केली होती. खालच्या बीमलाही काही होत नाही. फक्त भिंत.”

“सळ्या सोडून झाल्या?”

“झाल्या.”

“ड्रॉइंगवर सही कोणाची आहे?”

“तुमची, सर.”

“मग चूक माझी. पण सांगायला तू जायचं. माझी चिठ्ठी घेऊन जा, त्यात आपली चूक आहे असं स्वच्छ लिहितो.” मग म्हणाले, “आणि त्या मिस्त्रीला नमस्कार सांग.”

मी तेव्हा त्यांच्यावर चिडलो होतो. आज वाटतं, असा साहेब मिळणं हे नशीब.

मी पोचलो तोवर दहा फुटांचा एक तुकडा बांधून झाला होता. दोन्ही बाजूंना माझे खांब ओतलेले, मधे विटा, वर पट्टा. भिंतीच्या ओल्या गिलाव्यावर आबाजींनी कोळशाने ‘गं’ रेखून ठेवलं होतं. पोळ्याला महिनाही उरला नव्हता. मी चिठ्ठी डॉक्टरीणबाईंना दिली आणि आबाजींना तोंडी सांगितलं. माझी चूक झाली, ही भिंत अशी चालणार नाही, तीन फुटांचा काँक्रीटचा कठडा करू.

“महिन्याआधी भूकंपासाठी खांब दिले तुम्हीच. मी नाही म्हटलं का?” आबाजींचा आवाज चढला. “आता म्हणता पोळा. उद्या म्हणसान दिवाळी!”

“आबा, ते स्वतःची चूक सांगून राह्यले,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“त्याची चूक, आन् सजा माह्या गंगीले?”

“लोकांना वर चढूच दिलं नाही तर?” मी पडत्या आवाजात म्हटलं. हे बोलताना मलाच ते पटत नव्हतं.

डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या. “साहेब, त्या दिवशी या दवाखान्यात फुटलेली डोकी येतीन. मी खाली टाके घालत राहीन. वर कोण चढलं ते कोण पाहीन?”

मग इतका वेळ थापी धुवत बसलेले किसनाजी उठले.

“आबाजी, बोलून काय होते? ओढून पाहू ना.”

त्यांनी मोटेचा जाड दोर आणला, भिंतीच्या वरच्या पट्ट्याला गुंडाळला आणि दोन्ही टोकं गच्चीच्या आतल्या बाजूला घेतली. बाहेर रेटली आणि पडली तर खाली जाणाऱ्याच्या डोक्यावर. म्हणून आत ओढायची. खाली एक माणूस नदीकडच्या वाटेवर उभा केला, आम्ही सारे दोराच्या लांबीइतके मागे. साइटवरचे सात गडी आणि आठवा मी.

“गोटमारीत किती राहतीन इथं?” आबाजींनी विचारलं.

“या तुकड्याले? नऊ-दहा तर टेकूनच. मागचे मोजू नका,” किसनाजी म्हणाले. “हां, ओढा!”

पहिल्या झटक्याला काही झालं नाही. दुसऱ्याला कसलासा बारीक आवाज आला, सुपारी फोडल्यासारखा. तिसऱ्याला विटांच्या पहिल्या थराखाली चीर उघडली आणि ती माझ्या खांबांच्या बुडापर्यंत गेली. खांब पडले नाहीत, सळ्यांनी धरून ठेवले. पण भिंत वीतभर आत झुकली आणि तशीच राहिली. काँक्रीट अजून कोवळं आहे असं म्हणून मला सुटता आलं असतं. नाही म्हणालो. पूर्ण पिकलेल्या काँक्रीटलाही दहा माणसांचा जोर झेपणार नव्हता, हे माझ्याच वहीत लिहिलेलं होतं.

आबाजी झुकलेल्या भिंतीजवळ गेले. किसनाजी “जवळ नका जाऊ जी” म्हणाले तरी गेले. कोळशाच्या ‘गं’वर त्यांनी हात ठेवला.

“जिती होती तवा मुंगीले मारलं नाही तिनं,” ते म्हणाले. “आता लोकायच्या अंगावर पडीन का? पाडा रे. पाडून टाका.”

मला रडू आलं. साइटवर इंजिनिअरने रडू नये म्हणून मी दोर गुंडाळत बसलो.

भिंत संध्याकाळपर्यंत उतरवली. नंतर सगळे चहा पीत बसले असताना मला जे सुचलं ते फार हुशारीचं नव्हतं. गच्चीच्या खाली, दुसऱ्या मजल्याला नदीकडच्या बाजूला स्टोअर रूम होती. तिची भिंत दोन कॉलम आणि दोन बीम यांच्या चौकटीत बसलेली. वर मोकळ्या उभ्या भिंतीला फक्त बूड असतं. या भिंतीला चारही बाजूंनी धरलेलं. भूकंप येवो, पोळा येवो, तिच्यावर लिहिलेलं नाव कुठे जाणार नव्हतं. अडचण एकच, तिथे दोन खिडक्या सोडलेल्या होत्या.

“बुजवा,” डॉक्टरीणबाई लगेच म्हणाल्या. “कापसाच्या गठ्ठ्यायले अन् सलाइनच्या बाटल्यायले नदी पाहून काय करायचं हाय?”

“सावरगावातून दिसीन का पण?” आबाजींनी विचारलं.

दिसेल असं मी म्हणू शकलो असतो. पण त्या महिन्यात मला स्वतःच्या अंदाजाचा जरा धाकच बसला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी किसनाजींनी खिडक्यांच्या जागी फळ्या ठोकून भिंतीवर चुन्याने दोन-दोन फुटी अक्षरं काढली आणि मी व आबाजी पुलावरून पलीकडे चालत गेलो. बायकोच्या माहेरच्या काठावर ते कित्येक वर्षांनी पाय ठेवत होते. नामदेवराव जिथे येऊन बसतात तो दगड त्यांनी मला दाखवला, स्वतः त्यावर बसले आणि डोळे बारीक करून पाहिलं. कडुनिंबाची फांदी ‘बा’वर येत होती.

“ते फांदी तोडा लागीन,” ते म्हणाले.

“तोडू. तशीही ती लोकांच्या चढण्याची आहे.”

“मंग अर्धीच तोडा. चढतीन तर चढतीन बिचारे. कठडा हाय ना आता तुमचा?”

खिडक्या बुजवून नाव सिमेंटमध्ये उठवलं आणि कठडाही झाला. किसनाजींनी कडेच्या बीमचं वरचं काँक्रीट छिन्नीने फोडून आतल्या सळ्या उघड्या केल्या, नव्या सळ्या त्यांना आकड्यांनी गुंतवल्या आणि तीन फुटांचा काँक्रीटचा कठडा ओतला. मी या वेळी सव्वादोनशे किलो धरले. किसनाजींनी विचारलं, “पोळा धरला?” मी म्हटलं, “धरला.” तेव्हा त्यांनी ड्रॉइंगची घडी करून खिशात ठेवली.

गोटमारीच्या दिवशी मी रजा काढून गेलो. खेळ पाहायला नाही. मला तो खेळ लहानपणीही झेपला नव्हता. मी दवाखान्याच्या अंगणात, वर मान करून, दुपारभर कठड्याकडे पाहत उभा होतो. जिन्याचं कुलूप अकरा वाजता तुटलं. बारापर्यंत कठड्याला माणसं इतकी दाट लागली की काँक्रीट दिसेना. मी एका टोकापासून मोजायला लागलो आणि चाळीसच्या पुढे सोडून दिलं. नदीतून आरोळी उठली की सगळी गच्ची एकदम पुढे यायची आणि मी पुन्हा कठड्याच्या बुडाकडे पाहायचो. कठडा हलला नाही. एक टोपी आणि एक चप्पल तेवढी खाली पडली.

चारच्या सुमाराला झेंडा तुटला. वर एकच गलका झाला, सगळे पुढे लोटले, आणि मी डोळे मिटले. उघडले तेव्हा सगळे होते तिथेच होते, ओरडत होते, नाचत होते.

आत डॉक्टरीणबाईंचे टाके सकाळपासून चालूच होते. आबाजी दारात बसून आलेल्यांना पाणी देत होते. तेवढ्यात पुलाकडून एक म्हातारा चालत आला. डोक्याला पंचा बांधलेला, पंच्यातून रक्त कानावर आलेलं. काठावर पाहत उभा असताना गोटा लागला होता. तो कोपऱ्यावरच्या फाटकाशी थांबला. आधी त्याने वर, भिंतीवरच्या अक्षरांकडे पाहिलं, मग दारात बसलेल्या माणसाकडे.

“गंगीचा दवाखाना हाच ना?” त्याने विचारलं.

आबाजी उठले. हातातला तांब्या त्यांना ठेवता येईना. “हाच,” ते म्हणाले. “ये नामदेवा. आत ये लवकर. उशीर नको करू.”

सात टाके पडले. नामदेवरावांनी चहा घेतला की नाही, ते दोघे काय बोलले, मला माहीत नाही. मी बाहेरच थांबलो. संध्याकाळी गच्ची रिकामी झाल्यावर किसनाजींबरोबर वर जाऊन कठड्याचं बूड बोटांनी तपासलं. केसाएवढीही चीर नव्हती. किसनाजींना मी साहेबांचा नमस्कार तेव्हा पोचवला. महिनाभर माझ्या तोंडून तो निघाला नव्हता.

त्या दवाखान्याने, माझ्या माहितीप्रमाणे, आजवर एकही भूकंप पाहिलेला नाही. पोळा मात्र एकही चुकलेला नाही. पुढे मी पुष्कळ इमारती केल्या. झोन, वजन, पाचपट, सगळं कोडाप्रमाणे धरलं. कोड शहाण्या माणसांनी लिहिलेला असतो आणि तो पाळावाच. फक्त त्यांना प्रत्येक गावचं पंचांग माहीत नसतं. म्हणून माझ्या प्रत्येक कॅल्क्युलेशन शीटवर, सगळ्या आकड्यांच्या आधी, पहिल्या ओळीत पेन्सिलने एक प्रश्न लिहिलेला असे: पोळा धरला का? हाताखालचे नवे इंजिनिअर विचारत, सर, हे काय आहे? मी म्हणत असे, साइटवर जा आणि मिस्त्रीला विचार.